ताटावरचा माणूस

परभणीहून जिंतूरच्या रस्त्यानं निघालं की झरीच्या अलीकडं गव्हाडीचा फाटा लागतो. दोन्ही अंगांना काळं रान. रान इतकं जुनं की नांगराच्या फाळाला कधी खापरं लागतात, कधी हातभर लांबीच्या विटा. या भागात माणसं लांबून यायची. कुणी कृषी विद्यापीठातून ज्वारीचं बियाणं न्यायला आलेलं असे, कुणी बैल घ्यायला, कुणी नुसतीच पायऱ्यांची बारव बघायला. त्यांनी स्टँडवर विचारावं, जेवायचं कुठं, आणि हमालापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांनी एकच सांगावं: फाट्यावर, बायनाबाईकडं.

खानावळ म्हणजे पऱ्हाट्यांच्या कुडाला माती लिंपून केलेल्या भिंती, वर गवताचं छप्पर आणि आत सारवलेली जमीन. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची झणझणीत आमटी, अंबाडीची भाजी, कांदा. बाहेरगावच्या माणसाला बायनाबाई गाव विचारायची, जात विचारायची नाही. गावातल्या बौद्धवाड्यातली माणसं मात्र बाहेर लिंबाखाली, घरून आणलेल्या ताटात जेवायची. यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नव्हतं. हे बरोबर आहे असंही ती कधी म्हणाली नव्हती. चालत आलेलं होतं.

तिचा नियम एकच होता. ताटावर बसलेल्या माणसाला उठवायचं नाही.

हा नियम तिच्या सासरच्या घरातून आला होता. रझाकारांच्या साली तिचे सासरे आबासाहेब जेवायला बसले असताना हत्यारबंद माणसं घरात शिरली. आबासाहेबांनी हातातला घास दाखवला आणि म्हणाले, "एवढं होऊ द्या." त्यांनी होऊ दिलं नाही. दंडाला धरून ओढत नेलं आणि विहिरीवर गोळी घातली. बायनाबाई तेव्हा नवी नवरी होती आणि वाढत तीच होती. ते ताट संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. उचलायला कुणाचा हात धजला नाही. त्या दिवसापासून त्या घरात आणि मग सगळ्या भावकीत रीत पडली. जेवणाऱ्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, निरोप मरणाचा असला तरी उंबऱ्याशी थांबायचं. नवरा गेल्यावर बायनाबाईनं फाट्यावर खानावळ घातली आणि रीतही तिथं नेली. एका नव्या कंडक्टरनं जेवत्या गिऱ्हाइकाकडं बघून शिट्टी फुंकली, तेव्हा तिनं उलथणं घेऊन त्याला गाडीच्या पायरीपर्यंत पिटाळलं होतं. तेव्हापासून एसटीसुद्धा शेवटचा माणूस हात धुईपर्यंत थांबायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. फाट्याजवळच्या तारा तुटल्या. रस्त्यावर बाभळी आडव्या पडल्या. त्या दिवशी सकाळी बायनाबाईचा पुतण्या दत्तराव, तिच्या दिराचा मुलगा, रॉकेलचा डबा घेऊन दारावरून गेला. हा तिच्याच मांडीवर वाढलेला. त्याच्याबरोबर गावातलाच पण भावकीबाहेरचा दिनकरराव होता, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला, आणि मागं दहा-पंधरा जण.

"काकू, आज दार लावून घे," दत्तराव चालता चालता म्हणाला.

तिनं दार लावलं नाही. थोड्या वेळानं गावाच्या दक्षिणेला, बौद्धवाड्याच्या बाजूला धूर चढला. बायनाबाईनं तो पाहिला आणि पीठ मळायला घेतलं.

दुपारी तुरीच्या रानातून दोन माणसं बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चिखल. पुढचा पन्नाशीचा, डोक्याला फेटा. मागचा पंचविशीतला, छातीशी पांढरी कापडी पिशवी धरलेला.

"मावशी, जेवाले भेटन का?" फेटेवाल्यानं विचारलं.

बोली वऱ्हाडातली होती. बायनाबाई म्हणाली, "भेटतंय की. गाडी कुठं ऱ्हायली तुमची?"

"झाड पडलं रस्त्यात. पडलं म्हंजे पाडलं. लोकं गाडीत चढून एकेकाले नाव इचारू राह्यले. म्या म्हटलं, नाव सांगत बसण्यापरीस चार घास खाऊन घेवाव."

तो हसला. तरुण हसला नाही. बायनाबाईला कळायचं ते कळलं. तिनं धुराकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. जेवण सरलं म्हणायला तिला एक क्षण होता. पण तवा तापलेला होता आणि माणसं दारात उभी होती.

"बसा," ती म्हणाली.

फेटेवाल्याचं नाव किशनराव, बरोबरचा त्याचा भाचा पंडित. रिसोडच्या बाजूचे दोघं, थोडीशी कोरडवाहू जमीन असलेले. कृषी विद्यापीठातून रब्बीच्या ज्वारीचं बियाणं घेऊन परत निघाले होते. किशनराव भराभर जेवत होता आणि जेवताना बोलत होता. "अशी आमटी आमच्याकडं सोयऱ्यालेबी भेटत नाही, मावशी. परभणीत ज्याले इचारलं तो तुमचंच नाव घे." पंडित एकेक घास चावून चावून खात होता. मामानं त्याच्याकडं बोट दाखवलं. "हा पोऱ्या असा जेवते, की याच्या लग्नाची पंगत बसली तं शेवटी याचंच पोरगं वाढाले येईन."

बायनाबाईला हसू आलं. किशनरावचं ताट रिकामं झालं होतं. रिकामं ताट दिसलं की उचलायचं, ही तिच्या हाताची सवय. तिनं ते उचललं.

"हात धुवायला भाईर ड्रम हाय, मामा."

किशनराव उठला आणि बाहेर गेला.

ड्रमावर वाकून त्यानं तांब्या बुडवला तेवढ्यात रस्त्यावरून सायकलवाला ओरडत आला, "हाच! फेटेवाला! गाडीतून उतरून पळाले त्यातला!" त्याच्या मागं जमाव होता. अंगांना धुराचा वास होता आणि तोंडं काळी पडलेली. किशनरावनं मान वर केली. "अरे बापू, ऐकून तं घ्या," एवढंच तो म्हणाला. पहिली काठी कानशिलावर बसली. फेटा सुटून चिखलात पडला. त्यानं दोन्ही हातांनी ड्रमाची कड धरली. दुसरी काठी बोटांवर बसली, तरी कड सुटली नाही. ड्रम त्याच्यासकट कलंडला आणि पाणी अंगणभर पसरलं. दत्तराव त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता, मोजून मापून, गाळात रुतलेल्या बैलाला हाणावं तसा. मग दिनकररावानं दोघांना बाजूला सारलं आणि कुऱ्हाड उलटी धरून घातली. आवाज नारळ फुटल्यासारखा आला. त्यानंतरचे घाव नुसत्या मांसावर पडत होते.

बायनाबाई दारात उभी होती. किशनरावचं उष्टं ताट अजून तिच्या हातात होतं.

ती वळली. पंडित अर्धा उठला होता, तोंड उघडं, हात जमिनीवर टेकलेला. तिनं त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं आणि ताटात भाकरी टाकली.

"उठू नको. उठलास की मेलास. घास घे."

दत्तराव उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथं थांबला. पायाला रक्त होतं.

"काकू, तू बाजूला हो."

"गिऱ्हाईक जेवायलंय."

"कोण गिऱ्हाईक हाय ते ठाव हाय आमाला."

"मलाबी ठाव हाय. जेवायलंय."

मागून दिनकरराव म्हणाला, "आरं दत्ता, काय बघायलास? वढ की भाईर."

दत्तराव उंबऱ्यावरच्या कुंकवाकडं बघत राहिला. "न्हाई," तो म्हणाला. "ताटावरनं न्हाई. जेवू दे त्याला. उठला की आपलाच हाय."

"पोटभर वाढ गं बायनाबाई," कुणी तरी ओरडलं, "पुन्ना भूक लागायची न्हाई त्याला." हशा झाला. माणसं लिंबाखाली बसली. बिड्या पेटल्या. ड्रमाजवळ किशनराव पडला होता आणि बायनाबाईच्या कोंबड्या लांबून मान वाकडी करून तिकडं बघत होत्या.

"मावशी," पंडित पुटपुटला, "मामा?"

"ताटाकडं बघ. बारीक घास घे."

"मले नाही जाऊन राह्यलं खाली."

"खाली जाऊ देऊच नको. नुसतं चाव."

ती भाकरी थापत राहिली. एक टाकली, दुसरी टाकली. पंडित चावत होता. मघाशी ज्या सवयीची थट्टा झाली तीच आता त्याला जगवत होती. त्याला एकदा ओकारी आली. बायनाबाईनं पदरात धरली आणि पुन्हा आमटी वाढली. पोलिसांची गाडी पुलावर आहे, असं सकाळी कुणी तरी बोलल्याचं तिला आठवत होतं. पूल इथून दिसत नव्हता. पण गाडी फिरती असते, कधी तरी इकडं येईल, एवढ्यावर ती थापत होती. रस्त्यावर काही वाजलं की तिचा हात थांबायचा. दर वेळी नवीनच काठीवाले यायचे.

पिठाचा डबा खरवडून झाला. बाजार बंद होता, घरात दाणा नव्हता.

"तुझी पिशवी दे," ती म्हणाली.

पंडितनं तिच्याकडं पाहिलं. "बियाणं हाये ते."

तिनं मूठभर दाणे नाकाशी नेले. औषध लावलेलं नव्हतं. जात्यात पहिली मूठ घातली आणि खुंटा धरला. जात्याचा आवाज बाहेर गेला तसे लिंबाखालचे दोघं-तिघं उठून उंबऱ्याशी आले. सगळे शेतकरीच. पांढरी पिशवी आणि तिच्यावरचा विद्यापीठाचा शिक्का त्यांनी पाहिला.

"बियाणं दळायलीस का काय गं?" एकजण म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. मघाशी मुडदा पाडताना आला नव्हता.

"व्हय. दुसरं काय हाय?"

तो परत जाऊन बसला.

दिनकररावाचा धीर मात्र सुटला होता. तो डबा घेऊन उठला. "तुमच्या घरची रीत हाय ना, ताटाला हात न्हाई लावायचा? न्हाई लावत. छपराला लावतो." डब्यात उरलेलं रॉकेल त्यानं वळचणीवर उडवलं. गवत वरून ओलं होतं, आतून कोरडं. काडी लागल्यावर आधी नुसता पिवळा धूर कोंदला आणि मग आढ्याशी जाळ सरसरत गेला. पेटलेल्या काड्या पंडितच्या खांद्यावर पडायला लागल्या. त्याची बाही जळाली. बाहेर माणसं दाराच्या दोन्ही अंगांना काठ्या उगारून उभी राहिली.

"मावशी, आता?"

बायनाबाईनं ताट उचललं नाही. "तूच उचल," ती म्हणाली. "डाव्या हातात धर. उजव्यानं खात ऱ्हा. खातखातच उठ आन माझ्या मागं ये. घास तुटू देऊ नको."

पंडित उठला. एका हातात ताट, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, तोंड भरलेलं. धुरातून दोघं बाहेर आले. उगारलेल्या काठ्या तशाच राहिल्या. असं कुणी पाहिलं नव्हतं आणि अशा वेळी रीत काय सांगते ते कुणाला माहीत नव्हतं. दिनकररावाला रीत नव्हतीच. त्यानं पंडितची मान धरली आणि कुऱ्हाड वर नेली.

बायनाबाई दत्तरावाकडं वळली. "तुझ्या आज्याच्या दंडाला असंच धरलं हुतं. तवाबी मीच वाढायले हुते. सांग, आज आपुण कोन हाव?"

दत्तरावाची काठी फिरली ती दिनकररावाच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुऱ्हाड पडली. दिनकरराव खाली बसून गुरासारखा ओरडायला लागला.

"ताटावर हाय तो," दत्तराव म्हणाला. "ताट खाली ठेवल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

बायनाबाईनं पुलाची वाट धरली. पूल दोन कोसांवर होता. बायनाबाई पुढं, तिच्या मागं ताट घेतलेला पंडित, आणि दोन्ही बाजूंच्या चाकोरीतून जमाव. कुणी पंडितच्या पायांत काठी सरकवत होता, कुणी त्याच्यावर थुंकत होता. "सरली भाकर! बघा, सरायली!" असं ओरडत होते. ताटातलं सरत आलं की बायनाबाई निघताना ओच्यात बांधलेली भाकरी काढायची आणि लहानसा तुकडा टाकायची. वाटेत मेंढरं बसवलेलं एक रान लागलं. तिथली धनगरीण कोंडाबाई बांधावर उभी होती. तिनं हे सगळं पाहिलं आणि आपल्या फडक्यातली भाकरी बायनाबाईच्या हातावर ठेवली.

पुलाच्या चढावर दगड सुरू झाले. दगडाला हात म्हणता येत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. एक पंडितच्या पाठीत बसला. एक बायनाबाईच्या कपाळावर बसला आणि डोळ्यात रक्त उतरलं. तिनं पदर ओढून डोकं नाही झाकलं. ताट झाकलं.

पुलावर पोलिसांचा ट्रक उभा होता. शिपायांनी बंदुका वर केल्या तसा जमाव शेतांत पांगला. एक हवालदार धावत आला. "चढ वर, चढ! ते ताट ठेव आधी खाली."

पंडितनं ठेवलं नाही. ट्रकच्या फळीवर दोघांनी उचलून बसवला, तरी डाव्या हातातलं ताट तिरकं होऊ दिलं नाही. ट्रक सुरू झाला तेव्हाही तो चावत होता.

बायनाबाई परत आली तेव्हा खानावळीच्या जागी काळा ढीग होता. चूल तेवढी राहिली होती. किशनरावच्या अंगावर कुणी तरी घोंगडी टाकली होती आणि कोंडाबाई काठी घेऊन कुत्री हाकत बसली होती. रात्री पोलिसांनी मुडदा नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाईनं परातभर पीठ आणून दिलं. बायनाबाईनं ड्रम उभा करून भरला आणि उघड्यावरच चूल पेटवली. थोड्या वेळानं दत्तराव तुरीतून बाहेर आला. रात्र त्यानं रानात काढली होती. घरी पोलीस बसल्याचं त्याला कळलं होतं.

"काकू, भूक लागली गं," तो म्हणाला आणि नेहमीच्या जागी, राखेशेजारी, मांडी घालून बसला.

तिनं ताट मांडलं. भाकरी, मीठ, कांदा. तो खाली मान घालून जेवायला लागला. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. फौजदार आणि शिपाई उतरले. मागच्या बाकावर पंडित होता, हाताला पट्टी बांधलेला. त्यानं दत्तरावाकडं बोट केलं. दत्तराव जागच्या जागी थिजला. शिपाई दंडाला धरायला वाकला.

"थांबा," बायनाबाई म्हणाली. "जेवायलाय. एवढं होऊ द्या."

फौजदारानं जीपमधल्या पंडितकडं पाहिलं. पंडितनं बोट खाली घेतलं. फौजदारानं शिपायाला मागं घेतलं.

दत्तरावानं काकूकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर रंग परत आला. भाकरीचा अगदी बारीक तुकडा मोडून तो चावायला लागला. चावत राहिला. पाव भाकरी उरली, मग कोर उरली, मग चुरा. त्यानं चुराही एकेक करून उचलला.

"काकू," तो म्हणाला, "आजून एक टाक."

परातीत पीठ होतं. तवा तापलेला होता. बायनाबाईनं परातीवर फडकं झाकलं आणि चुलीतलं जळतं लाकूड मागं ओढलं.

"काकू, मी तुझ्या मांडीवर..."

ताट रिकामं होतं. तिनं ते उचललं.

"भाईर ड्रम हाय," ती म्हणाली. "हात धू."